एक एक पान करत बसू नका: इमेज प्रोसेसिंगच्या कामाला सगळे कोर कसे लावायचे

सदाशिव पेठेत माझ्या काकांकडे घरच्या मोडी कागदांचे चार रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत, जमिनीचे व्यवहार, देणीघेणी, पत्रं असं सगळं, आणि गेल्या वर्षी आम्ही ते सगळे स्कॅन करायला घेतले. साधारण ३००० पानं झाली. कागद पिवळे पडलेत, मागची शाई पुढे उमटलीय, पाण्याचे डाग आहेत, त्यामुळे नुसता स्कॅन वाचता येत नाही, तो साफ करून काळा-पांढरा करावा लागतो. त्यासाठी मी सी प्लस प्लसमधे एक प्रोग्रॅम लिहिला, चालवला, तर एका पानाला जवळजवळ एक मिनिट लागायला लागलं. ३००० पानं म्हणजे ५० तास. आणि मधे सेटिंग बदललं की परत पहिल्यापासून ५० तास. शेवटी तेच काम त्याच सहा कोरच्या लॅपटॉपवर (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे हिशोब करणारा भाग) पाऊण तासात व्हायला लागलं, ते कसं ते इथे क्रमानं लिहितेय, कारण ज्यांच्याकडे खूप फोटो नाहीतर स्कॅन आहेत त्या सगळ्यांना हे लागू पडतं, मग लग्नाचे फोटो असोत की एक्सरे.

सगळ्यात आधी वेळ कुठे जातोय ते मोजा. हे सगळे सांगतात आणि कोणीच करत नाही, मी पण केलं नव्हतं. प्रोग्रॅममधे चार ठिकाणी घड्याळ लावा: फाईल वाचायला किती, उघडून पिक्सेल मिळवायला किती, खऱ्या हिशोबाला किती, परत लिहायला किती. दहा पानांवर चालवा, पहिलं पान सोडून द्या (पहिल्या वेळी डिस्क, मेमरी सगळं थंड असतं), बाकीच्यांची सरासरी घ्या. आणि कंपायलरला ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करून देणारा पर्याय, चालू आहे ना ते बघा, ओ २ किंवा ओ ३. डीबग बिल्डवर (चुका शोधण्यासाठीचा, संथ) मोजून थ्रेड (प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे भाग) लावत बसलेले लोक मी पाहिलेत, नुसता रिलीज बिल्ड केला असता तरी कितीतरी पट फरक पडला असता.

माझ्याकडे मोजल्यावर दिसलं की ५९ सेकंद हिशोबात जातायत आणि एखादा सेकंद वाचण्या-लिहिण्यात. मग लगेच थ्रेड लावायचे ना? नाही, थांबा. आधी हिशोब कसा चाललाय ते बघा.

ए-फोर पान ६०० डीपीआयला स्कॅन केलं की ४९६० गुणिले ७०१६, म्हणजे जवळपास साडेतीन कोटी पिक्सेल. डागाळलेल्या कागदाला अख्ख्या पानासाठी एकच थ्रेशोल्ड (काळं की पांढरं ते ठरवणारी सीमा) चालत नाही, एका कोपऱ्यात शाई फिकी तर दुसऱ्या कोपऱ्यात कागदच तिच्याएवढा काळा. म्हणून प्रत्येक पिक्सेलच्या भोवतीचा चौकोन घेऊन त्याची सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) काढायचं आणि त्यावरून त्या पिक्सेलचा थ्रेशोल्ड ठरवायचा, या पद्धतीला सौवोला म्हणतात, जुन्या कागदांना ती फार छान लागू पडते. मी चौकोन घेतला होता ५१ बाय ५१ चा. म्हणजे एका पिक्सेलसाठी २६०१ पिक्सेल वाचायचे, आणि असं साडेतीन कोटी वेळा. गुणाकार करून बघा, ९ हजार कोटी वाचनं होतात एका पानाला. सहा कोर लावले असते तरी ती ९ हजार कोटी वाचनं व्हायचीच होती, फक्त सहा जणांत वाटून.

पण शेजारच्या पिक्सेलचा चौकोन जवळजवळ तोच असतो, एक कॉलम गेला आणि एक आला एवढाच फरक. म्हणून प्रत्येक कॉलमच्या ५१ ओळींची बेरीज तयार ठेवायची. खाली एक ओळ सरकलं की वरची ओळ वजा करायची आणि खालची मिळवायची. मग त्या कॉलमच्या बेरजांवरून आडवं जाताना परत तसंच, डावीकडचा कॉलम वजा, उजवीकडचा अधिक. पिक्सेलच्या आकड्यांच्या वर्गांची पण अशीच दुसरी बेरीज, ती स्टँडर्ड डेव्हिएशनसाठी लागते. चौकोन ५१ चा असो की १०१ चा, काम तेवढंच. एवढ्यानं एक मिनिटाचं पान ४ सेकंदांवर आलं, आणि अजून एकही थ्रेड लावला नव्हता.

इथे इंटिग्रल इमेज पण वापरता येते, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यापासूनच्या बेरजांचा तक्ता, चार कोपरे वाचले की कुठल्याही चौकोनाची बेरीज मिळते. ती मी आधी करून बघितली. पण वर्गांची बेरीज या साइजच्या पानाला २ लाख कोटींच्या वर जाऊ शकते, ३२ बिटात मावत नाही, ६४ बिट घ्यावे लागतात, आणि मग असा एक तक्ता २७८ एमबीचा होतो आणि तसे दोन लागतात. कॉलमच्या बेरजा मात्र एका ओळीपुरत्या, सगळ्या मिळून शंभर केबीच्या आत. त्या प्रोसेसरच्या कॅशमधेच, म्हणजे त्याच्या जवळच्या छोट्या वेगवान मेमरीतच राहतात. याचं महत्त्व पुढे कळतं, कारण कोर सहा असले तरी मेमरीकडे जाणारा रस्ता सगळ्यांचा एकच असतो. पोळ्या लाटायला सहा जणी बसवल्या आणि तवा एकच असेल तर पोळ्या काही सहापट होत नाहीत. इमेजच्या कामात हा तवा म्हणजे मेमरी असते बहुतेक वेळा, थ्रेड वाढवून वेग वाढला नाही तर पहिला संशय तिच्यावर घ्या.

आता पॅरलल, म्हणजे काम एकाच वेळी अनेक कोरवर चालवणं. यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात म्हणून घोळ होतो. एक म्हणजे खूप इमेज आहेत आणि सगळ्या मिळून लवकर संपवायच्यात. दुसरा म्हणजे एकच इमेज आहे आणि ती लगेच हवीय.

खूप इमेज असतील तर एका इमेजच्या आतमधे हात घालूच नका. एक पान एका प्रोसेसला (प्रोग्रॅमची स्वतंत्र चालणारी प्रत) द्या, दुसरं दुसऱ्याला, पानांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. प्रोग्रॅम आहे तसाच ठेवायचा, एक फाईल घेतो आणि एक फाईल देतो असा. लिनक्सवर असाल तर फाईलींची यादी एक्सार्ग्ज कमांडला द्या, मोठा पी आणि त्यापुढे ६ असं लिहा, आणि एका वेळी एकच फाईल असं सांगा, झालं. ती एका वेळी सहा प्रोसेस चालू ठेवते, एक संपली की पुढची सुरू करते. कोडमधे एक अक्षर बदलायचं नाही. माझं निम्म्याहून जास्त काम इथेच झालं आणि याच्यापुढचं बरंच काही तुम्हाला लागणारही नाही.

पायथॉन वापरत असाल तर थोडं सांभाळून. साध्या पायथॉनमधे जीआयएल नावाचं कुलूप असतं, त्यामुळे शुद्ध पायथॉनच्या लूपला थ्रेड लावले तरी एका वेळी एकच चालतो. ओपनसीव्ही आणि नमपाय या तयार लायब्ररींची (पहिली इमेजसाठी, दुसरी आकड्यांसाठी) बरीच मोठी फंक्शन आत गेल्यावर ते कुलूप सोडतात, तिथे थ्रेडचा फायदा मिळतो, पण स्वतःचे लूप असतील तर मल्टिप्रोसेसिंगचा पूलच (कामं वाटून घेणाऱ्या प्रोसेसचा गट) घ्या. पूलला फाईलचं नाव पाठवा, उघडलेली इमेज पाठवू नका. इमेज पाठवली की ती पिकल होऊन, म्हणजे बांधून, पलीकडे कॉपी होते आणि परत येताना पण तसंच, पस्तीस एमबी जायला आणि पस्तीस यायला. नाव पाठवलं की चार शब्द जातात. विंडोजवर असाल तर पूल सुरू करायची ओळ इफ नेम इक्वल्स मेनच्या आतच लिहा, नाहीतर प्रत्येक नवीन प्रोसेस तीच फाईल परत चालवायला जाते आणि एरर येतात.

आणि एक चूक अगदी नेहमीची. ओपनसीव्ही स्वतःच आतमधे थ्रेड सुरू करतं. तुम्ही सहा प्रोसेस लावल्या आणि प्रत्येकीनं बारा थ्रेड काढले तर सहा कोरवर बहात्तर जण भांडायला लागतात, आणि वेग वाढायच्या ऐवजी कमी होतो. म्हणून प्रत्येक प्रोसेसच्या सुरुवातीला ओपनसीव्हीच्या सेट नम थ्रेड्सला १ द्या. ओपनएमपी (काम थ्रेडमधे वाटून देणारी सोय) वापरणाऱ्या लायब्ररींसाठी ओएमपी नम थ्रेड्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पण १ करून ठेवा.

किती प्रोसेस लावायच्या? खरे कोर मोजा. माझ्या लॅपटॉपला सहा कोर आहेत पण सिस्टीम बारा दाखवते, कारण एका कोरवर दोन थ्रेड चालतात. असल्या भरगच्च हिशोबाला बाराचा फायदा मला फारसा दिसला नाही, मशीन मात्र तापली. एप्रिल-मे मधे दुपारी पुण्यात पंख्याखाली लॅपटॉपवर हे चालवलं तर थोड्या वेळानं प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो, आणि मग तुमची मोजमापं पण खोटी येतात, सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा जुळत नाही. म्हणून तुलना करायची तर एकाच वेळी, लागोपाठ चालवून करा. मोठा रन रात्री लावा. रॅमचा पण हिशोब करा, एका प्रोसेसला लागणारी मेमरी गुणिले प्रोसेसची संख्या. डबल फ्लोटमधे (एका आकड्याला आठ बाइट) एक रंगीत पान ८३५ एमबी होतं, तसे सहा म्हणजे पाच जीबी, आणि मधल्या कॉप्या धरल्या तर दुप्पट. रॅम संपून डिस्कवर स्वॅप सुरू झालं की सगळं मुसळ केरात. शक्य तिथे आठ बिटच ठेवा, अगदी हिशोबाच्या ओळीपुरतं फ्लोट करा.

डिस्कचं पण बघा. माझी पानं कॉम्प्रेस न केलेल्या टिफमधे होती, एक ३५ एमबीचं, ३००० पानं म्हणजे १०५ जीबी. बाहेरून लावायची हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी देते असं धरा, तर नुसतं वाचायलाच साडेसतरा मिनिटं लागणार, मग कोर सहा असोत की साठ. त्यातून सहा प्रोसेस सहा ठिकाणचं एकदम मागायला लागल्या की फिरत्या डिस्कची सुई इकडून तिकडे धावते आणि वेग अजून पडतो. त्या दिवशीची पानं आधी एसएसडीवर कॉपी करून घेतली की हा त्रास जातो. लिहिताना काळ्या-पांढऱ्या पानाला टिफमधलं ग्रुप फोर कॉम्प्रेशन लावा, फाईल एकदम छोटी होते.

आता दुसरा प्रश्न, एकच इमेज लगेच हवीय. काकांना मी स्लायडरवालं एक छोटं टूल करून दिलं, स्लायडर सरकवला की शाई गडद-फिकी होते आणि डोळ्याला वाचता येईल तिथे थांबायचं. तिथे ४ सेकंद थांबणं म्हणजे फार. इथे पानाच्या आत वाटणी करावी लागते, आणि त्यासाठी ओपनएमपी सगळ्यात सोपं. लूपच्या वर प्राग्मा ओएमपी पॅरलल फॉर अशी एक ओळ लिहायची, कंपायलरला एफ ओपनएमपी द्यायचं, लूप सहा जणांत वाटला जातो.

वाटणी ओळींनी करा, कॉलमनी नको. मेमरीत इमेज ओळीनं ठेवलेली असते आणि प्रोसेसर एका वेळी ६४ बाइटचा तुकडा उचलतो, उभं चालत गेलात तर त्यातला एकच बाइट वापरून बाकीचे ६३ टाकून देता. मी पानाच्या आडव्या सहा पट्ट्या केल्या. प्रत्येक थ्रेड आपल्या पट्टीच्या सुरुवातीला कॉलमच्या बेरजा स्वतः तयार करतो आणि मग खाली सरकत जातो, दुसऱ्याची वाट बघावी लागत नाही. त्यासाठी त्याला आपल्या पट्टीच्या वरच्या २५ आणि खालच्या २५ ओळी पण वाचाव्या लागतात, कारण चौकोन शेजारच्या पट्टीत डोकावतो. ११६९ ओळींच्या पट्टीला ५० जास्तीच्या ओळी म्हणजे चारेक टक्के, काही वाटत नाही. पण पट्ट्या फार बारीक केल्या, समजा ५० ओळींच्या, तर काम सरळ दुप्पट होतं.

आता इथे मला काय झालं ते सांगते. टूल सुरू झालं, वेग मस्त आला, काका खूश. दोन दिवसांनी त्यांचा फोन, "अगं, या पानावर लेखकानं ओळी आखून ठेवल्यात, पण खाली लिहिलंच नाहीये. असं कधी बघितलं नव्हतं." मोडीत आधी अख्खी शिरोरेघ ओढून घेतात आणि मग तिला लटकवून अक्षरं काढत जातात, त्यामुळे मोकळी रेघ दिसली की वाचणाऱ्याला ती खरीच वाटणार. मी पान उघडलं. रेघ अगदी सरळ, पाऊण मिलीमीटर जाडीची, बोरूची वाटेल अशी. पण ती पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत होती, समासातून सुद्धा. आणि सारख्या अंतरावर. अंतर मोजलं तर ११६९ ओळी.

झालं असं होतं की पट्टीच्या आत मी ३२-३२ ओळींचे गठ्ठे करून चालत होते. ११६९ मधे ३२ चे ३६ गठ्ठे बसतात, ११५२ ओळी, शेवटच्या १७ ओळी उरतात आणि त्या लिहायच्याच राहून जात होत्या. आउटपुटची मेमरी सुरुवातीला शून्यानं भरलेली, शून्य म्हणजे काळा, म्हणून १७ ओळींची काळी पट्टी. एका थ्रेडवर चालवताना हे पानाच्या अगदी तळाला व्हायचं, तिथे कोणी बघत नाही. माझ्या पोटात गोळा आला, कारण काकांनी त्या पानाच्या टिपणात "मोकळी शिरोरेघ" असं लिहून पण ठेवलं होतं. ते टिपण आम्ही दोघांनी बसून दुरुस्त केलं.

ते नीट केल्यावर डोळ्याला सगळं बरोबर दिसत होतं. मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं, जुन्या एक-थ्रेडवाल्या प्रोग्रॅमचं आउटपुट आणि नवीनचं आउटपुट एकमेकांतून वजा केलं, पिक्सेलला पिक्सेल. शून्य यायला हवं होतं, आलं नाही. पट्टीच्या सुरुवातीच्या २५ ओळींत कुठे कुठे ठिपके होते. तिथे मी पट्टीची कड म्हणजे पानाची कड धरली होती आणि वरच्या २५ ओळी वाचतच नव्हते, त्यामुळे सरासरी थोडी चुकत होती आणि फिकट शाईच्या अक्षरांचे काने गळत होते. काना गेला की शब्द बदलतो. डोळ्यानं हे कधीच सापडलं नसतं.

म्हणून एक-थ्रेडवाला साधा कोड पुसू नका, तो तुमचा साक्षीदार आहे. प्रत्येक बदलानंतर वीस-पंचवीस पानांवर वजाबाकी करा, एक थ्रेड, दोन, पाच, सात असे विचित्र आकडे घालून, म्हणजे भागाकाराची बाकी उरते आणि चुका वर येतात. दर रनला उत्तर वेगळं येत असेल तर दोन थ्रेड एकाच जागी लिहितायत. हिस्टोग्राममधे (कुठल्या छटेचे किती पिक्सेल ते मोजताना) हे हमखास होतं: सगळे थ्रेड एकाच २५६ खणांच्या तक्त्यात एक-एक मिळवत असतील तर मधले मधले आकडे हरवतात. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा तक्ता द्या आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करा. ब्लर करताना ज्या इमेजमधून वाचताय तिच्यातच लिहू नका, शेजारचा थ्रेड आधीच बदललेला पिक्सेल वाचेल. फ्लोटच्या बेरजा असतील तर मात्र क्रम बदलल्यामुळे शेवटच्या दशांशात फरक येऊ शकतो, तिथे अगदी शून्याचा हट्ट नको, पण किती फरक चालेल ते आधी ठरवून ठेवा.

वेग किती वाढेल याची अपेक्षा पण आधी कागदावर काढा. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ जीन अमडाल यांनी १९६७ मधे मांडलेला हिशोब आहे: जो भाग वाटता येत नाही तो शेवटी आडवा येतो. माझं पान ४ सेकंदांचं, त्यातला १ सेकंद वाचणं-लिहिणं, उरलेले ३ सहा जणांत वाटले तर अर्धा सेकंद, एकूण दीड. म्हणजे सहा कोर लावून पावणेतीन पटच्या आतच, आणि हजार कोर लावले तरी चारपटीच्या पुढे नाही. हे कळल्यावर मी स्लायडर सरकवताना फाईल परत वाचणंच बंद केलं, पान एकदा मेमरीत घेऊन ठेवलं, आणि मग काकांना ते हाताबरोबर हलतंय असं वाटायला लागलं.

सिमडीबद्दल, म्हणजे एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम करण्याबद्दल, थोडंच. आजच्या बहुतेक लॅपटॉपमधे एव्हीएक्स २ असतं, २५६ बिटचं, म्हणजे आठ बिटचे ३२ पिक्सेल एका सूचनेत. ते मिळवायला हातानं काही लिहायची गरज सहसा पडत नाही, आतला लूप साधा ठेवा, त्यात इफ-एल्स नको, फंक्शन कॉल नको, आणि ओ ३ बरोबर मार्च नेटिव्ह द्या, कंपायलर करतो. फक्त तसा बनवलेला प्रोग्रॅम जुन्या मशीनवर चालेलच असं नाही.

जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्स कार्डवरच्या प्रोसेसरचं, सगळे विचारतात. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कुडा (त्यावर प्रोग्रॅम चालवायची सोय) आहे, आणि असल्या कामाला जीपीयू खरंच जबरदस्त चालतो. पण पान कार्डवर न्यायचं, एकच छोटी स्टेप करायची आणि परत आणायचं असं केलं तर येण्याजाण्यातच फायदा जातो, चार-पाच स्टेप तिकडेच लागोपाठ करून शेवटी एकदा आणा. माझ्या बॅचमधे हिशोब आता डिस्कच्या जवळ येऊन टेकलाय, तिथे कार्ड विकत घेऊन काही मिळालं नसतं, म्हणून घेतलं नाही.

हे सगळं वाटून घेऊन करायचं शास्त्र आपल्या गावाला नवीन नाही खरं तर. सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ मधे पुण्यातच सुरू झाली, विजय भटकरांच्या टीमनं १९९१ मधे परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर केला, तो ट्रान्सप्यूटर नावाच्या पुष्कळ छोट्या प्रोसेसरांना एकत्र जोडूनच. कॉलेजात मला ही नुसती माहिती वाटायची, पट्ट्यांच्या कडांशी झगडल्यावर त्या लोकांनी काय केलं असेल याचा खरा अंदाज आला.

शेवटचं, मोठा रन लावताना. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, आणि पहिल्या रनला हार्ड डिस्क बंद पडून काही फाईली अर्धवट लिहिल्या गेल्या होत्या. तेव्हापासून आउटपुट आधी तात्पुरत्या नावानं लिहिते आणि पूर्ण झालं की नाव बदलते. रन परत सुरू केला की ज्यांचं खरं नाव तयार आहे ती पानं सोडून पुढे जातो. जे पान फेल होईल त्याचं नाव आणि एरर एका वेगळ्या फाईलमधे टाकते, बाकीचा रन थांबवत नाही. पहिल्या पूर्ण रनला त्या यादीत अकरा पानं आली. सात स्कॅन कॉपी होताना तुटलेले होते, ते परत कॉपी केले. चार पानं पाण्यानं इतकी काळवंडलीत की कुठल्याच सेटिंगला दाद देत नाहीत, ती काका खिडकीपाशी बसून भिंगानं वाचतायत.